परमुलखातील रक्तगट : दुर्मीळ रक्ताच्या दात्यांचा शोध

कोणता रक्तगट दुर्मीळ मानायचा, हे तो प्रश्न कोणत्या देशात विचारला जातो यावर ठरते. पश्चिम युरोपात शंभरांपैकी साधारण पंधरा माणसे आरएच निगेटिव्ह असतात, स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर राहणाऱ्या बास्क लोकांत हे प्रमाण त्याच्या दुपटीच्या आसपास जाते, भारतात ते पाच टक्क्यांच्या जवळ राहते, जपानमध्ये अर्ध्या टक्क्यावर येते आणि चीनमधील हान समाजात हजारांत जेमतेम तीन-चार माणसांपुरते उरते. लंडनच्या रुग्णालयात ज्या गटाची पिशवी एरवीच शीतकपाटात ठेवलेली असते, त्याच गटाचा इंग्रज शिक्षक चीनमधल्या एखाद्या मध्यम आकाराच्या शहरात अपघातात सापडला, तर त्याच्यासाठी साऱ्या प्रांतात दाता शोधावा लागतो. त्याच्या रक्तात काहीही बदललेले नसते, बदललेली असते ती त्याच्या भोवतालची माणसे. परदेशी राहणाऱ्यांसाठी असे दाते कसे शोधले जातात, त्या शोधात अडथळे कोठे येतात आणि ते कोणी दूर करावयाचे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर शर्करेच्या आणि प्रथिनांच्या काही विशिष्ट रचना असतात, त्यांना प्रतिजन म्हणतात. ज्याच्या पेशींवर एखादा प्रतिजन नसतो, त्याच्या शरीराला तो परका वाटतो आणि त्याविरुद्ध रक्तद्रवात प्रतिपिंडे तयार होऊ शकतात, जी पुढे त्या प्रतिजनाच्या पेशी शरीरात आल्यास त्यांचा नाश करतात. कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्ना येथे १९०१ साली रक्ताचे पहिले गट वेगळे केले आणि १९४० साली अलेक्झांडर वीनर यांच्यासह आरएच घटकाचे वर्णन केले. सर्वसामान्य माणसाची रक्तगटाची ओळख या दोन शोधांपाशीच थांबते, पण विज्ञान तेथे थांबलेले नाही : मान्यताप्राप्त रक्तगट प्रणालींची संख्या २०२५ साली ४८ वर गेली आणि त्यांतील अठ्ठेचाळिसावी प्रणाली कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर जन्मलेल्या एका स्त्रीच्या रक्तावरून ओळखली गेली, जिच्याशी जुळणारे दुसरे माणूस तोवर जगात कोणालाच सापडले नव्हते. हजारांत एक किंवा त्याहूनही कमी आढळणाऱ्या रक्ताला तज्ज्ञ सामान्यतः दुर्मीळ म्हणतात, आणि या अर्थाने पाहता ‘ओ पॉझिटिव्ह’ असे कार्ड खिशात बाळगणारा मनुष्यही दुर्मीळ असू शकतो, कारण ते कार्ड अठ्ठेचाळीसपैकी दोनच प्रणालींची माहिती देत असते.

पूर्व आशियातील आरएच निगेटिव्ह रक्ताचा प्रश्न प्रथम पाहावा, कारण तेथे येणाऱ्या परदेशी माणसाला तो सर्वांत अनपेक्षितपणे गाठतो. चीनमध्ये सुमारे तीस टक्के लोक ओ गटाचे धरले, तर ओ निगेटिव्ह दाता हजारात एकच्या आसपास सापडतो. एबी निगेटिव्ह माणूस संख्येने याहूनही विरळा असला, तरी रुग्ण म्हणून त्याची अडचण कमी असते, कारण त्याला कोणत्याही निगेटिव्ह गटाच्या तांबड्या पेशी चालतात. ओ निगेटिव्ह रुग्णाला मात्र ओ निगेटिव्हच लागते, आणि म्हणून जो दाता सर्वांना चालतो त्याच्याच वाट्याला रुग्णपणी सर्वांत अरुंद वाट येते. या देशांत निगेटिव्ह रक्त वर्षभर ताजे राखणे परवडत नाही, कारण तांबड्या पेशी २ ते ६ अंश तापमानात वापरलेल्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवसच टिकतात आणि मागणी कधी येईल हे सांगता येत नाही. परिणामी गोठवलेला थोडा साठा, नोंदवलेल्या दात्यांची यादी आणि हाक आली की धावून येणारे स्वयंसेवक या तिन्हींवर तेथील व्यवस्था उभी असते.

आता पूर्व आशियातील एखाद्या शहरात निगेटिव्ह रक्ताचे प्रमाण कोणात सर्वांत जास्त आहे, याचा विचार केला तर उत्तर उघड आहे : तेथे राहणाऱ्या युरोपीय, अमेरिकी, भारतीय आणि आफ्रिकी परदेशस्थांत. असे असूनही दाता म्हणून नाव नोंदवण्यात नेमके हेच लोक मागे राहतात, आणि त्याचे खापर त्यांच्या उदासीनतेवर फोडणे अन्यायाचे होईल. गायींच्या मेंदूरोगातून माणसात आलेल्या व्हेरियंट सीजेडी या असाध्य व्याधीच्या भीतीने अनेक देशांनी १९८० ते १९९६ या काळात ब्रिटनमध्ये राहिलेल्यांचे रक्त नाकारले. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या देशांनी ही बंदी २०२२ साली उठवली, परंतु जपानसारख्या देशाच्या नियमात त्या काळातील ब्रिटनमधले एकूण एक महिन्याचे वास्तव्यही अपात्रतेला पुरेसे ठरत आले. जपानमध्ये परदेशातून आल्यावर चार आठवडे रक्त देता येत नाही, आणि आरोग्याची प्रश्नावली व डॉक्टरांशी होणारे बोलणे समजण्याइतकी जपानी भाषा येणे अपेक्षित असते. अमेरिकेत मलेरियाग्रस्त देशाच्या रहिवाशाला तो देश सोडल्यानंतर तीन वर्षे थांबावे लागते, म्हणजे मुंबईहून नोकरीसाठी गेलेला तरुण पहिली तीन वर्षे रुग्ण होऊ शकतो, दाता होऊ शकत नाही.

हे नियम रक्त घेणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी आहेत आणि त्यांची खिल्ली उडवणे बेजबाबदारपणाचे ठरेल, कारण दूषित रक्ताने गेल्या शतकात घेतलेले बळी विसरण्याजोगे नाहीत. तरीही सर्वांना सरसकट लागू होणारा प्रतीक्षाकाळ आणि व्यक्तिगत तपासणी यांत निवड करता येते, ही गोष्ट ब्रिटनने दाखवून दिली आहे; तेथे मलेरियाच्या प्रदेशात दीर्घकाळ राहिलेल्याची त्या रोगाच्या प्रतिपिंडांसाठी तपासणी करून त्याला दाता म्हणून घेण्याची सोय आहे. ज्या देशात परदेशस्थांचे रक्त परदेशस्थांनाच लागणार आहे, त्या देशाने तपासणीचा हा खर्च उचलणे शहाणपणाचे आहे. प्रश्नावलीचे भाषांतर करणे तर याहून कितीतरी स्वस्त आहे आणि ते न होण्याला कोणतेही वैद्यकीय कारण नाही.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे आवश्यक आहे, कारण त्यातून परक्या देशातील रुग्ण आणि त्याचे नातेवाईक विनाकारण हवालदिल होतात. आरएच निगेटिव्ह माणसाच्या शरीरात, आरएच पॉझिटिव्ह पेशींवर असणाऱ्या डी या प्रतिजनाविरुद्धची प्रतिपिंडे जन्मतः नसतात. ती आरएच पॉझिटिव्ह रक्ताशी संबंध आल्यानंतर, आणि तीही प्रत्येकाच्या बाबतीत नव्हे, तयार होतात. म्हणून प्राणांतिक रक्तस्राव होत असलेल्या आणि अशी प्रतिपिंडे नसलेल्या पुरुषाला किंवा मूल होण्याचे वय उलटलेल्या स्त्रीला, निगेटिव्ह रक्त हाताशी नसल्यास, डॉक्टर जाणीवपूर्वक पॉझिटिव्ह रक्त देतात आणि तो निर्णय योग्य असतो. शिवाय पूर्व आशियाई वंशाच्या ज्या व्यक्ती नेहमीच्या तपासणीत निगेटिव्ह दिसतात, त्यांपैकी पाव ते एक तृतीयांश जणांच्या पेशींवर डी प्रतिजन अत्यल्प प्रमाणात असतोच. हा प्रकार डीईएल या नावाने ओळखला जातो आणि असे बहुतेक रुग्ण पॉझिटिव्ह रक्त निर्धोकपणे घेऊ शकतात, पण युरोपीय किंवा भारतीय रुग्णाला त्याचा सहसा उपयोग नाही. खरी काळजी तरुण स्त्रीची घ्यावी लागते, कारण तिच्या शरीरात एकदा तयार झालेली प्रतिपिंडे पुढच्या गर्भाच्या तांबड्या पेशींचा नाश करू शकतात. हे टाळण्यासाठी १९६८ पासून उपलब्ध असलेले अँटी-डी इंजेक्शन साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत देतात. जेथे निगेटिव्ह माता क्वचितच दिसतात तेथे हे इंजेक्शन वेळेवर मिळेल याची चौकशी गर्भारपणाच्या आरंभीच करून ठेवावी लागते.

आरएचच्या बाबतीत पाश्चात्त्य माणूस पूर्वेकडे येऊन दुर्मीळ होतो, तर भारतीय माणूस पश्चिमेकडे जाऊन ज्या गटामुळे जवळजवळ एकाकी पडतो, तो गट मुंबईचे नाव धारण करतो. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या रूथ सँगर, रॉबर्ट रेस आणि अन्य संशोधकांसह ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मुंबईतील तीन व्यक्तींच्या अशा रक्ताचे वर्णन केले, जे तोवर माहीत असलेल्या कोणत्याही गटात बसत नव्हते. ए आणि बी हे प्रतिजन एच नावाच्या पायाभूत रचनेवर घडवले जातात. ओ गटाच्या माणसात ही एच रचना विपुल असते, आणि बॉम्बे गटाच्या माणसात ती मुळीच नसते, कारण ती घडवणारे जनुक त्याला आई आणि वडील या दोघांकडूनही निष्क्रिय मिळालेले असते. अशा माणसाच्या रक्तद्रवात एचविरुद्धची प्रतिपिंडे कोणतेही रक्त न घेताच तयार असतात आणि ती शरीराच्या तापमानाला प्रखरपणे काम करतात. त्यामुळे ए, बी, एबी आणि ओ यांपैकी कोणतेही रक्त त्याला दिले तर ते त्याच्या जिवावर बेतते, आणि निगेटिव्ह रुग्णाला जी आणीबाणीची सवलत मिळते ती त्याला मिळत नाही.

या गटाचे खरे संकट त्याच्या निदानात दडलेले आहे. पेशींवर ए आणि बी नसल्याने साध्या तपासणीत तो ओ म्हणूनच नोंदला जातो आणि माणूस आयुष्यभर स्वतःला ओ समजत राहतो; रक्तद्रव ज्ञात ओ पेशींबरोबर तपासला किंवा एच ओळखणारे वनस्पतिजन्य द्रव्य वापरले तरच सत्य कळते. ते न केल्यास शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे दात्याच्या पेशी आणि रुग्णाचा रक्तद्रव प्रत्यक्ष एकत्र करून पाहण्याच्या चाचणीत, पेढीतील ओ गटाची एकेक पिशवी नाकारली जाऊ लागते आणि तेव्हा धावाधाव सुरू होते. भारतात या गटाचे प्रमाण दहा हजारांत एक असे ढोबळपणे सांगितले जाते, मुंबईतील १९७४ च्या एका अभ्यासात ते ७,६०० मध्ये एक इतके आढळले होते, आणि युरोपीय वंशाच्या लोकांत मात्र ते दहा लाखांत एकाच्या घरात जाते. जवळच्या नात्यातील विवाहांमुळे एकच निष्क्रिय जनुक दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची दक्षिणेतील व महाराष्ट्राच्या काही समाजांतील रीत आणि जातीअंतर्गत विवाहांचा शतकानुशतकांचा प्रघात या प्रमाणाच्या पाठीशी आहेत.

मुंबईने जगाला आणखी एक रक्तगट प्रणाली दिली, पण तिची महाराष्ट्रात फारशी चर्चा होत नाही. १९७३ साली मुंबईतील संशोधकांनी भारतीयांत आढळणाऱ्या एका नव्या प्रतिजनाची नोंद केली आणि पुढे त्या प्रणालीलाच ‘इंडियन’ हे नाव मिळाले. तिच्यातील इंडियन-बी हा प्रतिजन जगातील बहुतेक सर्वांच्या पेशींवर असतो. ज्यांच्या पेशींवर तो नसतो अशी मोजकी माणसे भारत, पाकिस्तान आणि इराण या प्रदेशांतील वंशांत सापडतात. २०१८ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात कर्करोगाने आजारी असलेल्या एका लहान मुलीला असेच रक्त हवे होते, आणि ‘वनब्लड’ या रक्तसंस्थेला आई-वडील दोघेही या तीन देशांच्या मुळाचे असलेले दाते जगभर शोधावे लागले. जुळणारे दाते अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये, म्हणजे स्थलांतरितांच्याच वस्तीत मिळाले. या प्रसंगातून शोधाची सगळी दिशा स्पष्ट होते : परदेशस्थ रुग्णाचा दाता बहुधा परदेशस्थच असतो, आणि तो आधीच नोंदवलेला असेल तरच वेळेवर सापडतो. इंग्लंडमध्ये सिकलसेलच्या रुग्णांना लागणारा आरओ हा उपप्रकार तेथील नियमित दात्यांपैकी केवळ २ टक्क्यांत, पण कृष्णवर्णीय वंशाच्या दात्यांपैकी ५६ टक्क्यांत आढळतो, हा आकडाही तेच सांगतो.

दाता सापडल्यानंतर एक तर रक्त प्रवास करते किंवा माणूस करतो. २०१८ साली म्यानमारमधील यांगून येथे हृदयशस्त्रक्रियेसाठी दाखल असलेल्या एका स्त्रीला बॉम्बे गटाचे रक्त कर्नाटकातून विमानाने पाठवण्यात आले. जुलै २०२२ मध्ये केरळातील चार दाते सौदी अरेबियातील एका तान्ह्या मुलासाठी स्वतःच रियाधला गेले. मे २०२४ मध्ये शिर्डीतील एका दात्याने एका रुग्ण स्त्रीसाठी सुमारे ४०० किलोमीटरचे अंतर मोटारीने कापून इंदूर गाठले. या तिन्ही घटना अभिमानास्पद आहेत, आणि त्यांचा गौरव व्हायलाच हवा. परंतु एखाद्या व्यवस्थेला दर वेळी कोणाच्या तरी असामान्य त्यागाची गरज लागत असेल, तर ती व्यवस्था अपुरी आहे असेच म्हणावे लागते. सीमा ओलांडून जाणाऱ्या पिशवीला दोन देशांच्या औषध नियंत्रकांची परवानगी, सीमाशुल्क, अखंड शीतसाखळी आणि पोहोचल्यावर पुन्हा होणारी तपासणी या सर्वांतून जावे लागते, आणि यांतील प्रत्येक पायरीवर तास खर्च होतात.

म्हणूनच गोठवलेल्या रक्ताला या क्षेत्रात मोठे मोल आहे. ऑड्री स्मिथ यांनी १९५० साली लंडनमध्ये दाखवून दिले की ग्लिसरॉल मिसळल्यास तांबड्या पेशी गोठवूनही जिवंत राहतात, आणि पुढच्याच वर्षी असे रक्त माणसाला देण्यात आले. उणे ६५ अंश सेल्सियसच्या खाली ते दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ ठेवता येते. मात्र वितळवल्यावर ग्लिसरॉल धुऊन काढावे लागते, जुन्या पद्धतीने धुतलेले रक्त २४ तासांच्या आत वापरावे लागते, आणि या सगळ्याला यंत्रसामग्री व कुशल हात लागत असल्याने जगातील मोजक्याच केंद्रांना ते जमते. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील आंतरराष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा १९६० च्या दशकात सुरू झालेली आंतरराष्ट्रीय दुर्मीळ दाता यादी सांभाळते, तर अमेरिकेने १९९८ साली आपल्या दोन स्वतंत्र नोंदी एकत्र करून एकच कार्यक्रम उभारला. या याद्यांत दात्याचे नाव नसते. त्याचा रक्तप्रकार आणि त्याला ओळखणारे केंद्र तेवढे असते, आणि विनंती रुग्णालयाकडून रक्तपेढीमार्फत जाते. परदेशात अडकलेल्या रुग्णाच्या कुटुंबाने सर्वप्रथम धरायचा मार्ग हाच आहे, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या आवाहनांना त्याच्या नंतरचे स्थान द्यावे, कारण ती आवाहने रुग्ण बरा झाल्यावरही महिनोन् महिने फिरत राहतात आणि ज्या दात्याचा क्रमांक त्यांत असतो त्याची झोप उडवतात.

भारतात मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या परिसरातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेने दुर्मीळ दात्यांच्या नोंदीचे काम अंगावर घेतले आहे, आणि ज्या शहरात १९५२ चा शोध लागला तेथेच हे व्हावे यात औचित्य आहे. या कामाला रक्तपेढ्यांची साथ मात्र अजून पुरेशी नाही. महाराष्ट्रात रक्तदान शिबिरांची कमतरता नाही. गणेशोत्सवात, नेत्यांच्या वाढदिवसाला आणि पुण्यतिथीला हजारो पिशव्या जमतात, पण त्या दात्यांच्या विस्तृत प्रतिजनांची तपासणी सहसा होत नाही, आणि त्यांतील दुर्मीळ माणसे ओळखू न येताच सर्टिफिकेट घेऊन घरी जातात. ओ गट निघालेल्या प्रत्येक दात्याचा रक्तद्रव ओ पेशींशी तपासणे हा खर्चाने लहान आणि फळाने मोठा उपाय सर्वत्र सक्तीचा व्हावा. नोंद झालेल्या दात्याचे रक्षण करणे हीही संस्थांचीच जबाबदारी आहे : भारतीय नियमांनुसार पुरुषाने ९० आणि स्त्रीने १२० दिवसांच्या अंतरानेच रक्त द्यायचे असते, आणि अगतिक नातेवाइकांनी दात्याला परस्पर गाठून ही मर्यादा मोडायला लावणे, किंवा १९९८ पासून बंद असलेला पैशाचा व्यवहार मागच्या दाराने आणणे, यामुळे शेवटी दातेच यादीतून नाव काढून घेतात.

ज्याचा गट दुर्मीळ निघाला, त्याने आपला दाता प्रथम आपल्या भावंडांत शोधावा, कारण बॉम्बे गटासारखा अप्रभावी गुणधर्म दोन्ही पालकांकडून आलेला असतो आणि प्रत्येक सख्ख्या भावंडात तो असण्याची शक्यता चारांत एक असते. स्वतःच्या मुलांत मात्र तो बहुधा सापडत नाही, कारण जोडीदाराकडून त्यांना कार्यक्षम जनुक मिळालेले असते. रक्ताच्या नातेवाइकाचे रक्त देण्यापूर्वी त्यावर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करावी लागते, अन्यथा त्यातील पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात रुजून त्याच्यावरच उलटण्याचा धोका असतो, आणि ही गोष्ट परदेशी डॉक्टरांना नाते लपवून न ठेवता सांगितली पाहिजे. शस्त्रक्रिया पूर्वनियोजित असेल तर लोह व रक्तवर्धक औषधांनी हिमोग्लोबिन वाढवून स्वतःचेच रक्त आधी काढून ठेवता येते, आणि बॉम्बे गटाच्या रुग्णासाठी हा पर्याय दाता शोधण्याआधी विचारात घ्यावा.

लंडनमध्ये १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, उत्तर अमेरिकेतील मंडळे १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली एकत्र आहेत, आणि आखाती देशांतही मराठी माणसांची मंडळे उभी आहेत; त्यांच्या गणेशोत्सवात स्थानिक रक्तसेवेला बोलावून सभासदांची विस्तृत तपासणी आणि नोंदणी करणे हे या मंडळांना सहज करता येण्याजोगे काम आहे. परदेशी निघालेल्या प्रत्येकाने व्हिसाच्या कागदांबरोबर आपला रक्तगट पेशी आणि रक्तद्रव या दोन्ही बाजूंनी तपासलेल्या लेखी अहवालासह न्यावा, भावंडांनाही तपासून घ्यावे, आणि नव्या देशाचे नियम परवानगी देतील त्या पहिल्याच दिवशी तेथील रक्तपेढीत दाता म्हणून आपले नाव नोंदवावे.